चकाकीरावांची पाटी

चकाकीरावांचा धंदा फर्निचरला पॉलिश करण्याचा. हे नाव त्यांना दुकानातल्या सुतारांनी दिलं आणि घरच्यांनी आनंदाने उचललं, कारण माणूस पॉलिशच्या बाबतीत खरोखरच वेडा होता. साधं लाटणं दिसलं तरी हात शिवशिवायचे. एकदा एक स्टूल त्यांनी इतकं गुळगुळीत केलं की बसणारा थेट जमिनीवर. त्यांची बायको सांगायची, "मी यांच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसत नाही. नेम नाही, मलाही पॉलिश करतील."

तर या माणसाला एकच काळजी खात होती, ती थोरल्या बहिणीची. ताई आणि भावोजी समोरच्याच घरात राहायचे आणि रविवारी दुपारी तिथे चौघांचा पत्त्यांचा डाव रंगायचा. ताई म्हणजे पत्त्यांतली वाघीण. पण तिचे सांधे धरले, बोटं वळेनाशी झाली आणि एका रविवारी भर डावात हातातले सगळे पत्ते जमिनीवर सांडले. भावोजी खो-खो हसले. ताई हसली नाही. "मला नाही बाई आता पत्त्यांत गोडी," म्हणाली आणि तेव्हापासून रविवारी स्वयंपाकघरात भांडी घासत बसू लागली. तीसुद्धा घासलेलीच. ज्या बहिणीने पत्ते पिसायला शिकवले, तिच्याशिवाय जिंकण्यात काय राम?

म्हणून त्यांनी सागाच्या तुकड्यांचे पत्ते उभे करायचे स्टँड बनवायला घेतले. लाकडात लांब खाच पाडायची, पत्ते तिच्यात खोचायचे, बोटं मोकळी.

"चार कशाला? ताईंपुरता एक करा की," बायको म्हणाली.

"एकटीला दिला तर माळ्यावर फेकेल. चौघांना दिला तर फॅशन होईल."

उरलेल्या फळीची त्यांनी गुण मोजायची पाटी केली. भोकं पाडली, त्यांत बसतील अशा इवल्याशा खुंट्या तासल्या. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी पॉलिशचा बोळा हातात घेतला.

"अहो, पुरे आता."

"एकच हात मारतो."

त्या एका हातामागून किती हात बसले, ते त्या बोळ्यालाच ठाऊक.

रविवारी भावोजींनी पाटी स्वतः भिंतीला ठोकली. खिळ्यावर ती जरा पुढे झुकली. त्यांनी तिच्यात बघून मिशी सारखी केली, "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले आणि तिच्याच खालची खुर्ची पकडली. "हे काय नवीन थेर?" असं पुटपुटत ताई समोर येऊन बसली. तिने पत्ते खाचेत खोचले. ते उभे राहिले. तिने क्षणभर आपल्या बोटांकडे पाहिलं आणि मग अशी काही खेळली की विचारू नका.

भावोजींनी राजा टाकला, ताईने एक्का मारला. भावोजींनी हुकमाची राणी लपवली, ताईने ती बरोबर बाहेर काढली. भावोजी तिरके बसून टेबलावर मुठी आपटत होते. "लुटलं! भरदिवसा लुटलं!" ताईच्या खुंट्या पाटीवर पुढे पुढे चालल्या होत्या आणि आपले गुण बघायला तिची मान सारखी वर जात होती.

फारच सारखी जात होती. चकाकीरावांनीही वर पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. पाटीत भावोजींचा अख्खा डाव दिसत होता. उलटा, पण लख्ख. बदामाच्या राजाची दाढीसुद्धा मोजून घ्यावी!

आता बोलावं तर ताई पुन्हा भांड्यांकडे जाणार, ती कायमचीच. न बोलावं तर भावोजी हरणार. आणि त्यांना हार सोसत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मागे एकदा त्यांनी हरल्यावर पत्त्यांचा जोडच खिडकीबाहेर भिरकावला होता. चकाकीराव उठून पाटीपुढे उभे राहिले.

"सरक रे मेल्या, गुण दिसत नाहीत!" ताई ओरडली.

त्यांनी पाटीवर रुमाल टाकून पाहिला. रुमाल घसरला. पॉलिशच तसं होतं.

शेवटी डाव संपला, ताई गुणगुणत चहा टाकायला गेली आणि चकाकीरावांनी भावोजींना ओसरीवर गाठलं. "भावोजी, चूक माझी आहे. ताईला काही म्हणू नका. ती पाटी... तिच्यात तुमचे पत्ते दिसतात हो!"

भावोजी कमरेला हात लावून कण्हत खाली बसले.

"शहाणा आहेस. अरे, मी मिशी कशात बघून सारखी केली?"

चकाकीरावांनी दारातून आत पाटीकडे पाहिलं.

"मधे माझं डोकं येत होतं, म्हणून अख्खी दुपार एका कुल्ल्यावर बसून काढली. पाय मेलाय पार." मग ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "त्या दिवशी हसलो ना मी, ते फार वाईट झालं रे. तेव्हापासून ती भांडी घासायची आणि मला इथे घास गिळवायचा नाही."

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "या लवकर, पत्ते वाटलेत! का घाबरलात?"

भावोजी लंगडत उठले आणि जाता जाता मेहुण्याच्या कानाशी वाकले.

"डावा कोपरा जरा अंधुक आहे, तिथे तिची सत्ती-अठ्ठी चुकते. मघाशी मी जिंकता जिंकता वाचलो. उद्या येऊन तेवढा एक हात मार."