बसची अट

धम्मप्रिया सोनकांबळे मूळची मुखेडची. अहमदपूरच्या एका कॉलेजात ती कंप्युटर शिकवायची. नेमणूक तासिका तत्त्वावर होती, म्हणजे दर जूनला नव्याने ऑर्डर निघायची आणि ती हातात पडेपर्यंत जिवाला घोर असायचा. नांदेडच्या एका संशोधन केंद्रात तिची पीएच.डी. चालू होती. विषय ऐकून लोक पुढचं विचारायचे नाहीत, कारण ती नवं काही बनवत नव्हती. दुसऱ्याने लिहिलेला, वापरातला, जुना प्रोग्राम मुलांना वाचायला आणि दुरुस्त करायला शिकवलं तर मुलं काय शिकतात, हे ती शोधत होती.

कारणही साधं होतं. शेवटच्या वर्षाची बहुतेक मुलं लातूर-नांदेडच्या दुकानांतून तयार प्रोजेक्ट आणायची. वरचं नाव बदललं, पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली की झालं. परीक्षकालाही ठाऊक, कॉलेजलाही ठाऊक. तिने निम्म्या मुलांना हे बंद करायला लावलं. त्यांना म्हणाली, "नवं काही लिहू नका. चालू असलेलं बिघडू देऊ नका. एवढंच वर्षभर करा."

त्यासाठी तिने लातूरच्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्राचा प्रोग्राम मागून घेतला होता. कोणत्या रुग्णाला कधी मशीनवर घ्यायचं, ते नंबर तो लावायचा. कॉलेजच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने तो लिहिला होता आणि मग तो हैदराबादला निघून गेला होता. दिसायला ओबडधोबड, पण चालायचा. दरवर्षी मुलांची एक तुकडी त्यातलं बिघडलेलं नीट करायची आणि धम्मप्रिया कोण कसं शिकतंय ते टिपून ठेवायची.

त्या तुकड्यांतली सगळ्यात हुशार पुनम. केंद्रातल्या सिस्टर एकदा तिला म्हणाल्या, "तो शिरूर अनंतपाळचा दगडोबा दर वेळी उशिरा येतो आणि सगळे नंबर बिघडवतो. उशिरा येणाऱ्याचा नंबर आपोआप खाली जाईल असं करून दे."

पुनम ते करायलाच बसली होती. धम्मप्रियाने तिला थांबवलं. "आधी त्यांना विचारून ये."

पुनम बाकड्यावर दगडोबांशेजारी जाऊन बसली. पन्नाशीचा माणूस, पाय सुजलेले. सोबत बायको सिंधु, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन.

"काका, जरा लवकर का निघत न्हाईत?"

"बस आली की निघतो, बाई," दगडोबा म्हणाले. "बसच्या आधी निघून काय करू?"

पुनमने त्या दिवशी प्रोग्राममध्ये वेगळीच अट घातली. सकाळच्या पहिल्या बसनेच येता येतं अशा गावांच्या रुग्णांना सकाळची पाळी द्यायची नाही, दुपारचीच द्यायची. पुढे हा प्रोग्राम उघडणाऱ्यासाठी तिने त्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना लिहिली: ही अट काढू नका, गाडी उशिरा पोचते. सिस्टरांची तक्रार मिटली. दगडोबांचा आठवड्यातून दोनदा दुपारचा नंबर पक्का झाला. धम्मप्रियाने हा प्रसंग प्रबंधात घेतला. नवा प्रोग्राम लिहिणारी मुलं यंत्राला प्रश्न विचारतात, जुना सांभाळणारी माणसांना विचारायला शिकतात, असं तिने त्याखाली लिहिलं आणि तिला ते वाक्य फार आवडलं.

त्याच वर्षाच्या शेवटी कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. विभागप्रमुख भागवत सरांवर संस्थेचा दबाव होता. त्यांनी बैठक घेतली.

"समितीला दाखवायला आपल्याकडं नवीन काय हाय?" त्यांनी विचारलं. "डायलिसिसचं ते जुनाट काढून टाकू. मोबाईल ॲप करू. एकही मशीन रिकामं राहणार नाही असे नंबर लागतील, रुग्णाला आदल्या दिवशी मेसेज. समिती यायच्या आत उद्घाटन."

धम्मप्रियाने आराखडा करून आणला होता. आधी जुन्या प्रोग्राममधली एकेक अट वाचायची, ती कुणासाठी आणि का घातली ते केंद्रात जाऊन विचारायचं, मग नवं लिहायचं आणि काही महिने दोन्ही सोबत चालवायचे.

भागवत सरांनी तो चाळला. "मॅडम, हा तर काहीच न करायचा आराखडा झाला."

"सर, जुन्यात विचित्र वाटणारी एकेक ओळ कुणाच्या तरी अडचणीतून आलेली हाय. न वाचता फेकली तर ती अडचण परत येईल."

"आली तर बघू की. दुसऱ्या टप्प्यात घेऊ." त्यांनी कागद बाजूला सारले. "ॲपच्या गटाची प्रमुख पुनम राहील."

पुनमने धम्मप्रियाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या घरी लग्नाचं बघणं चालू होतं. चांगली नोकरी लागली तरच ते थांबणार होतं आणि नोकरी नव्या ॲपवर मिळते, दुरुस्तीवर मिळत नाही, हे धम्मप्रियालाही कळत होतं.

ॲप वेळेत झालं. उद्घाटनाचा फोटो छापून आला. समिती खूश होऊन गेली. जूनमध्ये धम्मप्रियाची ऑर्डर निघाली नाही. "यंदा तास बसंना गेलेत," भागवत सर म्हणाले. तिने वाद घातला नाही. आता प्रबंध तेवढा पुरा करायचा, मग कुठेही अर्ज करता येईल, असा हिशेब मनाशी बांधून ती मुखेडला आईकडे, सरजाबाईंकडे, राहायला गेली.

शेवटच्या प्रकरणासाठी तिला केंद्रातली थोडी माहिती हवी होती. दिवाळीनंतर ती लातूरला गेली. सिस्टरांनी पडद्यावर ॲप उघडून दिलं. काही नावांपुढे लाल अक्षरांत 'गैरहजर' असं पुन्हा पुन्हा आलेलं होतं. तिने गावं पाहिली. सगळी लांबची. दगडोबांच्या नावापुढे दोनदा 'गैरहजर' होतं आणि त्यानंतर नोंदच नव्हती.

"ते कुठं गेले?" तिने विचारलं.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "गेले ते. त्यांच्या मालकीण बाहेर बसल्यात बघा. तिसऱ्यांदा आल्यात."

बाहेर बाकड्यावर सिंधु बसली होती. धम्मप्रियाला तिने ओळखलं. शेजारी जागा केली आणि आपणहून सांगायला लागली.

"मेसेज सांजच्याला यायचा, मॅडम. शेवटची गाडी गेल्यावर. सकाळी सातचा नंबर. आम्ही पहिल्या गाडीनं आलो तवर नंबर दुसऱ्याला गेलेला. सिस्टर म्हनल्या, ॲपात नंबर नसला तर मशीनच चालू करता येत न्हाई, पुढच्या पाळीला या. तवा त्यान्ला बरं वाटत व्हतं, म्हून गेलो माघारी. पुढच्या पाळीला बी तसंच. त्या बारीला दम लागला व्हता. म्हनलं, रिकामं झालं की घ्या. दिवसभर बसलो हितंच. एक बी मशीन रिकामं झालं न्हाई."

"मग?"

"मग शेवटची गाडी गाठली. घरी गेल्यावर उताणं झोपता येईना त्यान्ला. भिताडाला टेकून बसले. उजाडायच्या आधी गेले."

सिंधुच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला दुसरं काय नको. आम्ही आलो व्हतो एवढं लिहून द्यावं यांनी. थोरल्या दिरानं हितं फोन केला व्हता. यांनी सांगितलं, पेशंट गैरहजर व्हता. आता भावकीत म्हनतेत, हिनंच नेलं न्हाई. दवाखान्याला म्हून निघाली आन् भलतीकडंच गेली व्हती म्हनतेत. मी कुठं गेले व्हते, मॅडम? मी हितंच व्हते."

धम्मप्रिया आत जाऊन व्यवस्थापकांशी बोलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जे संगणकात आहे त्याहून वेगळं लिहून देता येत नाही.

परतीच्या बसमधून तिने पुण्याला पुनमला फोन लावला. पुनम नोकरीला लागून पाच-सहा महिने झाले होते.

"बसची अट ॲपमध्ये घेतली नव्हती का?"

पुनम म्हणाली, "मी सांगितलं होतं सरांना. दुसऱ्या टप्प्यात होतं ते, मॅडम." आणि मग, "काय झालंय?"

धम्मप्रियाने सांगितलं. पुनम रडायला लागली. धम्मप्रियाला तिची समजूत काढता आली असती. पण तिने ती काढली नाही, फक्त फोन कानाला धरून ठेवला. अहमदपूरच्या पुढे रेंज गेली आणि आवाज तुटला.

तिने शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. जुनी अट कोणती, ती का घातली होती, ॲपच्या आराखड्यात ती कशी मागे ढकलली गेली आणि ती नसल्याने काय घडलं. कॉलेजचं, केंद्राचं, कुणाचंच नाव घेतलं नाही. पोरासोरांच्या पाहण्यांवर आणि आकड्यांवर रचलेल्या तिच्या प्रबंधात हेच एक प्रकरण असं होतं, जे वाचून संशोधन कशासाठी केलं ते कळलं असतं.

मार्गदर्शक श्रीशैल सर मनाने चांगले होते. तिची फी थकली तेव्हा त्यांनीच मुदत वाढवून घेतली होती. त्यांनी प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चांगलं लिहिलंय. पण हे काढावं लागेल."

"का सर?"

"नाव नसलं तरी सगळ्यांना कळतंय कुणाचं आहे ते. भागवत सर आता विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आहेत. प्रबंध पुढं जाणारच नाही. शिवाय..." त्यांनी ड्रॉवरमधून एक कात्रण काढून तिच्यापुढे सरकवलं. "आता दुरुस्तही केलंय त्यांनी."

कात्रणात भागवत सरांचा फोटो होता. ग्रामीण रुग्णांच्या सोयीसाठी बसच्या वेळेनुसार नंबर देणारी अभिनव सुविधा, ॲपचा दुसरा टप्पा सुरू, अशी बातमी होती. खाली असंही होतं की पहिल्या टप्प्यात रुग्णांच्या गैरहजेरीचा अभ्यास करून ही कल्पना सुचली, आणि त्यावरच्या शोधनिबंधाला पारितोषिक मिळालं.

धम्मप्रियाने ते दोनदा वाचलं. हसू की काय करू ते तिला कळेना.

"अट मुळातच होती, सर. पुनमनं घातलेली. ह्यांनी काढली, माणूस गेला, परत घातली आणि बक्षीस घेतलं."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय, धम्मप्रिया? तू प्रकरण ठेवलंस तर तुला पदवी मिळणार नाही आणि त्यांचं काही जाणार नाही. पदवी घे. नोकरी धर. पुढं कधी तरी लिही."

ती महिनाभर घरी बसून राहिली. सरजाबाईंनी दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊन तिला शिकवलं होतं. नावामागे डॉक्टर लागणार हे त्या गल्लीत सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. धम्मप्रियाने त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुझं तू बघ माय. मला त्यातलं कळत न्हाई. पर त्या बाईच्या भावकीला कोन सांगनार?"

मुदत संपली तेव्हा प्रबंध धम्मप्रियाच्या कपाटात होता, प्रकरणासकट. श्रीशैल सरांचे दोन फोन आले, तिसरा आला नाही.

मग एका सकाळी ती अहमदपूरला गाडी बदलून शिरूर अनंतपाळला गेली. सिंधुने थोरल्या दिराला बोलावून आणलं. चुलत सासरे आणि आणखी दोघे आले. अंगणात सतरंजी टाकली. धम्मप्रियाने सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. जुन्या प्रोग्राममध्ये त्यांच्या गावासाठी वेगळी सोय होती. नव्यात ती राहून गेली. दगडोबा दोन्ही वेळा केंद्रात आले होते, सिंधुताई सोबत होत्या, नंबर आधीच गेल्यामुळे यंत्राने गैरहजर लिहिलं. चूक आमच्या बाजूची, यांची नाही.

थोरल्या दिराने विचारलं, "तुम्ही दवाखान्यातल्या का?"

"नाही. कॉलेजातली. मुलांना हे शिकवायची मी."

"शिकवायची म्हंजे? आता न्हाईत?"

"आता नाही."

"मग डॉक्टर का कोन ते?"

"नाही झाले."

त्याने मान हलवली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही चांगल्या मनानं आलाव, ताई. पर दवाखाना म्हनतो गैरहजर. कंप्युटरला हिच्याशी काय दुस्मनी? त्यो कशाला खोटं लिहील?"

धम्मप्रियाने पुन्हा समजावायला तोंड उघडलं. पण तोवर चुलत सासरे उठले होते. रानात पाण्याची पाळी होती, असं ते म्हणाले. एकेक करून सगळेच उठले.

सिंधुने चहा केला. दोघी चुलीपाशी बसून प्यायल्या. बाहेर कुणीतरी सतरंजी गुंडाळून ठेवली.

"त्यान्नी मानलं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली.

"न्हाई मानलं," सिंधु म्हणाली. तिने कपबश्या उचलल्या. "तुमची गाडी किती वाजता हाय?"