घागरीतले शुक्राचार्य

माझ्या लहानपणी आमच्या गावात ज्याला नारू झाला नाही असा माणूस एक तर पाळण्यातला असायचा, नाही तर पाहुणा. नारू म्हणजे पायातून निघणारा, दोऱ्यासारखा लांब किडा. आताच्या मुलांना सांगितलं तर ती आधी हसतात आणि मग जेवत नाहीत. उन्हाळा लागला की घोट्याला फोड यायचा, फोड फुटला की किड्याचं टोक डोकवायचं. ते टोक तुरीच्या काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. घाई केली तर किडा तुटायचा आणि पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. ओट्यावर बसून बायका एकमेकींना विचारायच्या, “तुझा कुठवर आला?” “दीड वीत झाला बघ.” लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, विणकाम चाललंय.

आमचं गाव सास्तूरच्या पलीकडं, निजामाच्या राज्यातलं. पाण्याला एकच बारव. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि घागर बुडवायची. सगळं गाव असंच पाणी भरायचं. ज्याच्या पायाला काडी बांधलेली, तोही.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला धाराशिवला मामाकडं ठेवून मुलींच्या शाळेत घातलं होतं. कागदोपत्री उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. अप्पांचं नाव महालिंगप्पा, गावात किराणा दुकान. दुकानात त्यांचा शब्द चालायचा, घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचा. शरणम्माआत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून घर तिच्या मुठीत होतं. तिला विचारल्याशिवाय आमच्याकडं गायसुद्धा वेत नसे, असं अप्पाच म्हणायचे. अर्थात ती आसपास नसताना.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी सहावी पास होऊन घरी आले, तर आत्याने उंबऱ्यातच निकाल सांगितला.

“सा यत्ता झाल्या. आता बास. जूनला न्हाय जायचं.”

“का आत्या?”

“लई शिकून काय करणार? घागर डोईवर ठरंना तुझ्या.”

अप्पा दुकानातल्या गुळाच्या ढेपेकडं असं बघत राहिले, जणू ढेपच काहीतरी बोलणार आहे. मी समजून चुकले. आत्याचं मन वळलं तरच माझी शाळा. नाही तर पुढच्या माघात माझं लग्न.

मला मात्र शाळेत परत जायचंच होतं, आणि त्याचं कारण होतं आमच्या मदीनाबी उस्तानी. बाई शिकवायला असल्या की त्यांना उस्तानी म्हणायचं. त्या हैदराबादेकडच्या, उंच, पान खाणाऱ्या, आणि शास्त्र असं शिकवायच्या की जणू शेजारच्या घरातली भानगड सांगतायत. सुट्टी लागली त्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, “छुट्टी में आम खाओ, खूब खाओ. मगर गाँव की कुछ खिदमत भी करना.” खिदमत म्हणजे सेवा, तीही फुकट. प्रत्येकीला काम नेमून दिलं. माझ्या गावात नारू, म्हणून मला नारू.

नारूची कुळकथा त्यांनीच सांगितली. नारूवाल्याचा पाय पाण्यात गेला की किडा पाण्यात पिलं सोडतो. पाण्यात पांढऱ्या ठिपक्यासारखा एक जीव असतो, सायक्लॉप्स, तो ती पिलं खातो. आपण पाण्याबरोबर त्याला पितो. वर्षभराने आपल्या पायातून नवा नारू निघतो. उपाय दोनच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि पाय पाण्यात घालायचा नाही. त्यांनी पितळी कड्याचं आपलं भिंग माझ्या हाती दिलं. “पहले देखो, फिर बोलो,” म्हणाल्या. आणि मग, “टूटा तो तू भी टूटी.”

मी रोज सकाळी बारवेच्या वरच्या पायरीवर धोतराचं जुनं फडकं घेऊन बसू लागले. बघण्याआधीच बोलायला लागले, ही माझी पहिली चूक. भिंग फुटेल या भीतीने मी ते घरी पेटीत ठेवलं होतं आणि नुसतंच व्याख्यान देत होते.

“घागरीच्या तोंडाला फडकं बांधा, नारू होणार नाही.”

द्वारकाबाई पाटलाच्या वाड्यावर पाणी भरायची. तिची जीभ घागरीपेक्षा जड. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मल्लू, कंट्रोलचं कापड मिळंना म्हून माझ्या लुगड्याला तीन ठिगळं हायती. अन् घागरीला नेसवू व्हय गं?”

सगळ्या पायऱ्या हसल्या. लढाई संपली होती, पण कापड अजून कार्डावर मिळत होतं. तिचंही खोटं नव्हतं. महिनाभरात तीन घरं तयार झाली. त्यातलं एक आमच्या गड्याचं. दुसऱ्या घरी फडक्याची दुपटी शिवली. तिसऱ्या घरात गाळायचे, पण गाळलेलं पाणी गुरांना पाजायचे. गुरांना नारू होऊ नये म्हणून.

आमच्या घरात तर कुणी ऐकायलाच तयार नव्हतं. आत्याच्या पायाला गेल्याच वर्षी नारू येऊन गेला होता. ती म्हणायची, “नारू पाण्यातनं येत न्हाय. नशिबातनं येतो.”

मग मृगाच्या आधीच्या एका सकाळी मी भिंग बाहेर काढलं. आत्या पूजेला बसायच्या तयारीत होती. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यातच असतं. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाण्याने न्हाऊ घालायचं, बेल वाहायचा आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याशिवाय आत्या अन्नाला शिवत नसे. तिने पूजेचा तांब्या भरून ठेवला होता. मी त्यातलं पाणी काचेच्या वाटीत ओतलं, वाटी काळ्या घोंगडीवर ठेवली आणि भिंग धरलं.

“आत्या, एकदा बघा तरी.”

“काय बघू? पाणी हाय.”

“बघा तरी.”

ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“मल्ले, हे उड्या मारतंय काय?”

“सायक्लॉप्स.”

“जितं हाय?”

“हो. त्याला एकच डोळा असतो. कपाळावर लाल ठिपका दिसतोय ना, तो.”

“एकाक्ष?” आत्याने भिंग माझ्या हातातून घेतलं. “अगं, म्हंजे हे तर शुक्राचार्य! बळीच्या झारीत बसलं हुतं ते. अन् ह्येच्या शेपटीला दोन पिशव्या कशाच्या? बाजाराला निघालंय व्हय?”

“ती अंडी आहेत. ती मादी आहे.”

इथं मी थांबायला हवं होतं. आत्याने भिंग खाली ठेवलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

“शिवशिवा! गरवार बाई हाय ही,” ती हळूच म्हणाली. “साठ वर्सं मी लिंगाला ह्येनं न्हाऊ घातलं. अन् तीर्थ म्हून पिले.”

आमच्या घरात कुणी अंड्याचं नावसुद्धा घेत नसे. मला नारू दाखवायचा होता, आणि आत्याला दिसला मांसाहार.

तिने तांब्या पालथा केला आणि खांबाला टेकून बसली. पाणी नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून अन्न नाही. अव्वा, माझी आई, ताक घेऊन आली.

“ताकात पाणी असतंय,” आत्या म्हणाली.

“मग दूध घ्या.”

“गवळी पाणी घालतो.”

“आपल्या घरचं हाय हो, अक्का!”

“म्हस कुठलं पाणी पिती?”

अव्वा दूध परत घेऊन गेली. दुपार झाली. ज्येष्ठातलं ऊन, आत्याचे ओठ सुकलेले. अप्पा दुकान बंद करून आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. “शिकायला पाठवलं हुतं का माझ्या अक्काला उपाशी मारायला? दे ते भिंग इकडं!”

भिंग गेलं की शाळा गेलीच. मी ते पाठीमागं धरलं. उस्तानी म्हणाल्या होत्या, पहले देखो. पण मी अर्धंच दाखवलं होतं. घागर घेतली, अप्पांचं धुतलेलं धोतर दोरीवरून ओढलं, दुहेरी केलं आणि आत्याच्या डोळ्यांसमोर पाणी गाळलं. काचेची वाटी पुन्हा भरली, घोंगडीवर ठेवली.

“आता बघा.”

आत्या वाकली. वाटी फिरवून फिरवून तिने बघितली. खालून बघितली. मग अप्पांना बघायला लावली, अव्वाला लावली.

“कुणी न्हाय,” ती म्हणाली. आणि लगेच, “मग गेले कुठं?”

“धोतरात.”

“मारलेस?”

आता सगळं माझ्या एका उत्तरावर होतं. मारले म्हटलं तर हत्या, आणि जिवंत आहेत म्हटलं तर ती त्यांना परत बारवेत सोडायला लावणार. मग माझी सगळी खिदमत बारवेत. मी म्हटलं, “अजून नाही.”

आत्याने विचार केला. मग धोतर दोन्ही हातांनी पाळण्यासारखं धरलं, परसात गेली आणि तांब्याभर पाण्याने बेलाच्या बुंध्याशी झटकलं.

“शिवाला दिले,” म्हणाली. “त्येचे त्यो बघून घेईल.”

बेलाच्या मुळाशी त्यांचं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी आधीच फार शास्त्र सांगून बसले होते.

गाळलेल्या पाण्याने पूजा झाली. आत्या दोन भाकरी जेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी बारवेवर पोचली. हातात भिंग, काखेत घोंगडी. नारूचं नाव तिने घेतलंच नाही. प्रत्येक बाईला वाटी दाखवायची आणि एवढंच विचारायची, “एकादशी धरतीस न्हवं? ही बघ तुजी एकादस.”

माळकरी घरं पहिल्याच दिवशी फुटली. द्वारकाबाई म्हणाली, “आमी काय, आमी बोकडसुदीक खातो.”

“खा की,” आत्या म्हणाली. “पर बोकड मसाला घालून खातीस. ह्येला कच्चं गिळतीस, अन् वर गरवार.”

द्वारकाबाईने तोंडावर पदर धरला, वाटीकडं पुन्हा बघितलं, आणि त्याच पदराचं टोक टर्रकन फाडून घागरीला बांधलं. लुगड्याचं चौथं ठिगळ.

पायाला काडी बांधलेल्यांनी खालच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, त्यांचं पाणी दुसऱ्याने भरून द्यायचं, हाही कायदा आत्यानेच केला. कारण काय, तर पायातल्या नारूची पोरं खाऊन ते शुक्राचार्य मांसाहारी होतात. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण शास्त्र तंतोतंत बरोबर होतं. महिनाभर घसा कोरडा करून मी तीन घरं मिळवली होती. आत्याने चार दिवसांत गाव घेतलं.

शाळा उघडायचे दिवस आले. मी पेटी भरायची की नाही, या विचारात कोपऱ्यात बसले होते. आत्या आली, भिंग पदराने पुसून पेटीत ठेवलं.

“जा.”

“शाळेत?”

“मग काय बारवेत? एक काम हाय तुझ्याकडं. तुझ्या उस्तानीला इचार, ताकात काय असतंय का. भिंगातनं म्या लई बघितलं, काय दिसलं न्हाय. पर खात्री करून ये. ताक म्हंजे माझा जीव हाय.”

मी आनंदाने उडी मारली. सायक्लॉप्ससारखीच.

उस्तानींना प्रश्न विचारला तेव्हा त्या आधी हसल्या, मग पान थुंकून आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून त्यांनी सूक्ष्मदर्शक मागून आणला, पितळेचा, तोफेसारखा दिसणारा. काचेवर ताकाचा थेंब टाकला. “देखो,” म्हणाल्या.

मी बघितलं. जत्रा होती. बारीक काड्या, मणी, मण्यांच्या माळा, थेंबभर ताकात आमच्या सगळ्या तालुक्याहून जास्त वस्ती. उस्तानी म्हणाल्या, दुधाचं दही हेच करतात, हे नसतील तर ताकच नाही. ते बघून माझा जीव हरखला. आणि मग आत्या आठवली.

दिवाळीला घरी गेले. आत्या ओट्यावर बसली होती, शेजारी ताकाचा तांब्या. माझी पेटी खाली टेकायच्या आत तिने विचारलं, “बघितलंस?”

खोटं बोलायचं नाही, हे मी वाटेवर ठरवलं होतं. आत्याचं ताक तोडायचं नाही, हेही ठरवलं होतं.

“आत्या,” मी म्हटलं, “भिंगातून काहीसुद्धा दिसत नाही.”

आत्याने माझ्याकडं टक लावून बघितलं. मी छपराकडं. तिने तांब्या उचलला, घटाघटा अर्धा संपवला, ओठ पुसले आणि उरलेला माझ्या हातात दिला.

“शिक,” ती म्हणाली. “पाहिजे तितकं शिक. पर त्या भिंगाहून मोठं भिंग ह्या घरात आणू नको.”