माती होऊ नये म्हणून

बसा असे जवळ, एक गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर मला बोल लावायचा नाही.

बाईंनी शाळेमागच्या खड्ड्यात खुरपं घातलं आणि दुसरीतली सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडून आत डोकावली. मागे एकदा त्यांनीच तिथं कचरा पुरला होता. केळ्याची सालं, वहीचे कागद, वेफर्सची पाकिटं. सालं गायब. कागदाचा नुसता लगदा. पाकीट मात्र नुकतंच न्हाऊन आल्यासारखं चकचकीत.

"बाई, साल कुठं गेलं?"

"त्याची माती झाली."

"आणि पाकिटाची?"

"प्लास्टिकची माती होत नाही रे. आपण सगळे जाऊ, ते इथंच राहील. म्हणून रस्त्यावर टाकायचं नाही."

"मग माझ्या दप्तराची पण नाही होणार!" एक जण ओरडला.

"तुझ्या डोक्याची आधीच झालीय," दुसरा म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

चिमणी तेवढी हसली नाही. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात किरकोळ पोर. आई दिवसभर कामावर, घरी ती आणि आजोबा. तिनं बाईंची बाही ओढली.

"बाई, पिशवीच्या आत काही ठेवलं तर?"

बाईंचं लक्ष घंटेकडे. "आतलंही राहतं गं. चल, हात धू."

एवढंच बोलल्या. माणूस दिवसभरात असलं कितीतरी बोलून जातो.

पुढं बाईंना वाटलं, धडा लागू पडला. चिमणी वाटेवरच्या पिशव्या वेचायची, नळाखाली धुवायची, वाळवून घडी करून दप्तरात ठेवायची. बाईंनी तिला वर्गापुढं उभं करून टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "बाई, माणसाएवढी पिशवी कुठं मिळते?"

"कशाला गं?"

"आजोबा रोज म्हणतात, आता आमची माती व्हायची वेळ आली."

बाईंनी तिला जागेवर बसवलं अन् फळ्याकडं वळल्या. दुसऱ्या दिवशी चिमणी शाळेत आली नाही. मधली सुट्टी होताच बाई तडक तिच्या घरी.

दार नुसतं लोटलेलं. आत भरदुपारी सरसर आवाज, वाळक्या पानांवर कुणी कूस बदलावी तसा. खाटेवर आजोबा. पायांना पिशव्या, हातांना पिशव्या, मनगटांशी अन् घोट्यांशी सुतळीच्या गाठी. छातीवरही पिशव्याच, एकीला एक बांधलेल्या. आतून वाफ धरलेली. बोटं पांढरीफटक दिसत होती, काचेमागं ठेवल्यासारखी.

"या बाई. उठता येत नाही, पोरीनं पॅक केलंय मला."

"आजोबा, काढा हे आधी!"

"राहू द्या हो. गाठी मारल्या की ती शांत झोपते. नाहीतर सारखी उठून माझ्या नाकाशी हात धरायची." ते हसले, तशी पुन्हा सरसर झाली. "डोकं तेवढं राहिलंय. त्याला मोठी लागते म्हणाली."

"आहे कुठं ती?"

"गादीवाल्याकडं गेलीय."

बाईंनी मनगटाची गाठ नखांनी सोडवायला घेतली. सुतळी ओली, सुटेना. तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. गादीचं पारदर्शक कव्हर, चिमणीहून केवढं तरी मोठं, आणि त्यामागं तिचा चेहरा. नाकडोळे विरघळल्यासारखा. पण हसत होती.

"बाई! बरं झालं आलात. मला एकटीला जमत नव्हतं. तुम्ही ते टोक धरा ना."

बाईंच्या चिमटीत अर्धवट गाठ. पोरीला खरं सांगायचं म्हणजे पिशवीतल्याचीही माती होतेच हे सांगायचं, तेही आजोबांच्या देखत. आजोबा मान हलवत होते; हो म्हणा की नको म्हणा, काही कळेना.

पोर टोक पुढं करून उभी आहे. बाईंच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला सांगा. पण जरा हळू बोला.