झिजलेली खाच

"स्पंदना, हिची मधली खाच झिजलीय बघ. घरात लेकरू आहे. आठ दिवस माझ्याकडे राहू दे, नवी पट्टी बसवून देतो."

मित्रांनो, हे वाक्य माझ्याबद्दल होतं. बोलणारे होते दत्तोजीराव. मला त्यांनीच घडवलं. ऐकणारी होती स्पंदना, म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या एका घराची सून आणि दीड वर्षाच्या अमूल्याची आई. तिच्या हातात कॉफीचे दोन लोटे होते. ती हसून म्हणाली, "झिजू दे की काका. एकाच्या जागी दोन रुपये पडतील. आमच्या अमूचीच हुंडी भरेल, अल्वा, हो ना?"

"पैशाचं नाही गं मी म्हणत. दोन नाण्यांच्या जाडीचं काहीही..."

आत कुकरची शिट्टी झाली. स्पंदना वळली. दत्तोजीरावांनी कॉफी प्यायली, मला टीपॉयवर ठेवलं आणि ते गेले. राहिलेलं अर्धं वाक्य कुणी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं. पण माझ्यासारखीला विचारणार कोण?

मी एक जुनी चिल्लरपेटी आहे. तळहातात मावेन एवढीच. पितळेच्या तीन नळ्या शेजारी शेजारी उभ्या, आणि पाठीला चामड्याची पट्टी, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात अडकवता येते. प्रत्येक नळीच्या तळाशी स्प्रिंग आहे. नाणी वरून दाबून भरायची. अंगठ्याने सरकवलं की सगळ्यात वरचं एकच नाणं खाचेतून बाहेर येतं. टक्! चार आण्यांची नळी, आठ आण्यांची नळी आणि रुपयाची नळी, असा माझा संसार.

माझा जन्म एका फजितीतून झाला. अमूल्याचे आजोबा मोहनराव तेव्हा म्हैसूर-हुणसूर बसवर कंडक्टर होते. एका हातात तिकिटांचा गठ्ठा, दुसऱ्या हाताने वरची दांडी धरलेली. मग सुट्टं नाणं ठेवायचं कुठे? मोहनराव ते ओठांत धरत. एकदा बिळिकेरेजवळ म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि चार आणे मोहनरावांच्या घशातून खाली उतरले. त्यांनी नंजनगूडची डझनभर केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी नाणं बाहेर पडलं. पण पुढे कित्येक महिने रोजचे प्रवासी त्यांना विचारत, "काय कंडक्टर, आमचे चार आणे परत मिळाले का?"

दत्तोजीराव हे मोहनरावांचे बालमित्र. दोघंही रंगाऱ्यांच्या गल्लीत वाढलेले. दत्तोजीराव कडकोळच्या एका कारखान्यात लेथवर होते. जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या पितळी नळीचे तुकडे कापून त्यांनी मला बनवलं आणि मित्राच्या कमरेला अडकवलं. म्हणाले, "मोहना, ओठ शिट्टीपुरते ठेव. नाण्यांसाठी ही घे."

माझे कामाचे दिवस फार चांगले होते, मित्रांनो. तंबाखूच्या हंगामात बस इतकी भरायची की पाय ठेवायला जागा नसे. "चिल्लरे कोडी, चिल्लरे!" असं सुट्टे मागत, ओरडत मोहनराव गर्दीतून सरकायचे आणि त्यांचा अंगठा न बघता बरोबर नळीवर पडायचा. टक्, टक्, टक्. बायाबापड्या कौतुकाने म्हणायच्या, "याच्या अंगठ्याला डोळे आहेत." मोहनरावांना ते फार आवडायचं. फक्त जुनी सवय गेली नाही. दोन्ही हात गुंतले की नाणं अजूनही ओठांत जायचं.

मग चार आणे बंद झाले. आठ आणे कुणी घेईना. हातात तिकिटाचं यंत्र आलं. मोहनराव निवृत्त झाले आणि मी पोलादी कपाटात, त्यांच्या जुन्या बिल्ल्याशेजारी जाऊन पडले. अंधारात मला वाटायचं, आपल्याला सगळे विसरले. मी रडायचे. आता वाटतं, तेच माझे सुखाचे दिवस होते. कपाटात असताना माझ्या हातून कुणाचं वाईट होणार नव्हतं.

अमूल्या चालायला लागली तेव्हा मोहनरावांनी मला पुन्हा बाहेर काढलं. स्प्रिंगा गंजल्या होत्या. त्या दत्तोजीरावांनी साफ केल्या आणि मला घरी आणून देताना ते अर्धं वाक्य बोलले.

मग रोज सकाळी साडेनऊला बस सुटायला लागली. अमू पायरीवर उभी राहायची. मोहनराव कमरेला मला अडकवून यायचे. "कुठे जाणार, अम्मा?" "हून्सू!" ती ओरडायची. "घ्या सुट्टे. रैट, रैट!" माझ्या मधल्या नळीतून एक रुपया टक् करून तिच्या तळहातावर पडायचा. जुन्या आठ आण्यांच्या नळीत आताचा छोटा रुपया ढिला का होईना, पण बसतो. तो घेऊन अमू दुडुदुडू धावायची आणि मातीच्या हुंडीत, म्हणजे तिच्या गल्ल्यात, टाकायची.

आणि कधी कधी, धावण्याआधी, ती तो रुपया ओठांत धरायची. हुबेहूब तिचे ताता, म्हणजे आजोबा, धरतात तसा.

"मामा, तिला तोंडात घालू देऊ नका हं," स्पंदना सासऱ्यांना म्हणायची.

"अगं, नाणं ते. माझं नव्हतं का गेलं? सुम्ने, उगाच भितेस तू."

स्पंदना भित्रीच होती, पण तिचं भिणं आळशी नव्हतं. तिने टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला होता, प्लगच्या भोकांना झाकणं. द्राक्षाचे चार तुकडे करायची. अमूच्या रागी सरीचं, म्हणजे नाचणीच्या पेजेचं, पीठसुद्धा छोट्या वजनकाट्यावर तोलून घ्यायची. तिचा नवरा किरणकुमार चिडवायचा, "हे घर आहे की आय.सी.यू.?" तरी एक दिवस, ओठांत रुपया धरून "रैट" म्हणणारी लेक बघून तिला हसू आवरलं नाही. तिने मोबाइल उचलला आणि व्हिडिओ काढला. नातेवाइकांनी लाल बदामांची चित्रं पाठवली.

एका मंगळवारी वजनकाटा बंद पडला. त्यात दोन सेल असतात, गोल, चपटे, चकचकीत. स्पंदनाने जुने काढले, नवे घातले. नव्याचं पाकीट कात्रीने कापताना त्यावरचं लहान मुलाचं चित्र आणि त्यावरची लाल फुलीही कापली गेली. तेवढ्यात अमू पायाशी येऊन रडायला लागली. सेल तिच्या हाताला लागू नयेत म्हणून स्पंदनाने ते उंच ठेवले, खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत. "नंतर टाकते," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, त्या वाटीत घरातली चिल्लर असायची. त्या वाटीपर्यंत घरात एकाच माणसाचा हात रोज पोचायचा.

मोहनरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन दसऱ्यानंतर करायचं ठरलं होतं. "घाई कशाला? अंगठा आहे की," ते म्हणायचे. बुधवारी सकाळी खिडकीपाशी उभं राहून ते मला भरायला लागले. रुपया, रुपया, रुपया. आणि मग काहीतरी वेगळंच.

ते माझ्या नळीत उतरलं तेव्हाच मला कळलं. नाण्याला कड असते, आकडा असतो, हजार हातांचा मळ असतो. याला काहीच नव्हतं. ते जाड होतं, गुळगुळीत होतं. आणि त्याच्या पोटात काहीतरी जागं होतं, मुंग्यांचं वारूळ हलावं तसं. त्यावर लगेच तसंच दुसरं आलं. मोहनरावांचा अंगठा क्षणभर थबकला. माझ्या मनात आलं, ओळखलं! पण ते पुटपुटले, "नवीन रुपया जाड काढलाय वाटतं सरकारने," आणि त्यांनी मला कमरेला लावलं.

"कुठे जाणार, अम्मा?"

"हून्सू!"

अंगठा माझ्यावर पडला. मी सगळी ताकद लावून ते धरून ठेवलं. स्प्रिंग वाकडी केली, अंग आखडलं. बाहेर काही पडेना.

"अडकतेस काय गं?" मोहनराव म्हणाले आणि त्यांनी मला मांडीवर दोनदा आपटलं. नवी असते तर ते माझ्यातून गेलंच नसतं. माझी खाच एका नाण्याएवढीच होती. पण वीस-पंचवीस वर्षांत ती झिजून दोन नाण्यांएवढी झाली होती.

टक्.

अमूने ते ओठांत धरलं. आणि पायरीवरून उतरताना तिचा पाय अडखळला.

ती पडली नाही. रडलीही नाही. एकदा ठसकली आणि ताताकडे बघत राहिली.

"गिळलंस?" मोहनरावांनी तिचा तळहात उघडून बघितला, तोंड बघितलं. मग हाक मारली, "स्पंदना, घाबरू नकोस. अमूने रुपया गिळला."

स्पंदनाने हुणसूरला कामावर असलेल्या किरणकुमारला फोन लावला. तो म्हणाला, "बाबांचं नव्हतं का गेलं? श्वास नीट घेतेय ना? मग येईल बाहेर. संध्याकाळी मी आलो की डॉक्टरकडे जाऊ." मोहनराव तोवर केळं सोलत होते. "चाळीस वर्षं नाणी हाताळली मी. नाण्याने काही होत नाही. केळं दे, साकू, तेवढं पुरे."

त्या घरात सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. म्हैस, ब्रेक, चार आणे, केळी. ती गोष्ट ऐकून सगळे हसत आले होते, आणि आता त्याच गोष्टीवर सगळे विसंबले होते.

अमूने केळं थुंकलं. आवडीची रागी सरी ढकलून दिली. तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. फ्रॉकचा गळा भिजला, दुसरा फ्रॉक घातला, तोही भिजला. ती खेळेना. कोपऱ्यात बसून नुसता गळा चोळत राहिली. मी तिथेच, टीपॉयवर पडले होते. ते दुसरं माझ्या नळीत वरच बसलं होतं. मी ओरडत होते, पण पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

अकरा वाजत आले तेव्हा स्पंदना उठली. "मामा, रुपया जुना होता की नवा? केवढा होता?"

"मधल्या नळीतला. छोटा."

"बघू तरी केवढा असतो तो." तिने मला उचललं आणि अंगठ्याने मधली नळी सरकवली.

मित्रांनो, आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधीच काही दिलं नव्हतं. टक्!

तिच्या तळहातावर सेल पडला. वर अधिकचं चिन्ह.

ती किंचाळली नाही. तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं, वाटीकडे. मग अगदी हळू विचारलं, "मामा, हे तुम्ही वाटीतून घेतलंत?"

"हो. का? काय आहे ते?"

"सेल आहे, मामा. काट्यातला सेल."

पुढच्या क्षणी लेक तिच्या खांद्यावर होती, मी आणि सेल एका मुठीत, आणि ती अनवाणी रस्त्यावर रिक्षेसमोर उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कधी गिळलं?"

"साडेनऊला. नाणं समजलो आम्ही. केळंही दिलं."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा. त्यांनी सेल उजेडात धरला. "हा बरोबर आणलात ते फार बरं केलंत. नाणं असतं तर एक वेळ वाट बघितली असती. हा वाट बघत नाही, अम्मा. घशात अडकला की तो आतून भाजत जातो. संपलेला असला तरीही. आणि यापुढे असं काही झालं तर केळं नको, काही नको. तडक इथे."

अमूला आत नेलं, दार बंद झालं. बाहेर बाकावर सून आणि मागोमाग पोचलेले सासरे. मग स्पंदना म्हणाली, "वाटीत मी ठेवले होते, मामा."

"दिला मी," मोहनराव म्हणाले.

एवढंच. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही.

सेल निघाला. अमू वाचली. पण नुसतं वाचली म्हणून मला गप्प बसवत नाही. पाच आठवडे तिला नाकातल्या नळीतून दूध दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालून बघायचं आहे, घसा आतून आवळत तर नाही ना. ती "ताता" म्हणते तेव्हा आवाज चिरका येतो, आणि दरवेळी मोहनराव मान खाली घालतात. सकाळचे साडेनऊ वाजले की त्यांचा हात कमरेकडे जातो आणि रिकामाच खाली येतो. घरात आता कुणी "रैट" म्हणत नाही.

दत्तोजीराव भेटायला आले होते. "मी सांगितलं होतं," असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्या खाचेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "माझं वाक्य मी पुरं करायला हवं होतं, पोरी. कुकर थांबला असता." त्यांनी खाच डाग देऊन बुजवायची तयारी दाखवली. स्पंदना म्हणाली, "नको काका. अशीच राहू द्या."

आता मी स्वयंपाकघराच्या दारात खिळ्याला टांगलेली आहे, रिकामी. आलेला माणूस विचारतो, हे काय? मग स्पंदना त्याला माझी झिजलेली खाच दाखवते आणि सगळं सांगते, स्वतःचं हसणंही न वगळता. घरातले संपलेले सेल ती कागदाला चिकटवून, डबीत बंद करून, त्याच दिवशी घराबाहेर काढते. कुणी काही सांगत असलं तर कुकर वाजू देते आणि वाक्य पुरं ऐकते. मित्रांनो, तुम्हीही तेवढं करा.

आणि बोलता बोलता ती मध्येच थांबते, कान देते, आणि समोरच्याला विचारते, "तुमचं मूल कुठे आहे आत्ता? खेळतंय? मग आवाज कसा नाही?"

हे वाचता वाचता तुमची काही मिनिटं गेली असतील. पलीकडच्या खोलीत कुणीतरी छोटं आहे. त्याचा शेवटचा आवाज तुम्ही कधी ऐकलात?

माझी गोष्ट खाली ठेवा. उठा. जरा बघून या.