ओदीलचं उत्तर, माझं उत्तर

तुम्ही न जुळलेलं गणित छापलंत, संचालकसाहेब, आणि त्याखाली माझं नाव घातलंत. हेच इंग्रजीत कळवलं तेव्हा तुम्ही नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवलात. म्हणून आता मराठीत लिहितेय. निदान कुणीतरी वाचेल.

माझी गाईड ओदील बर्तू फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या गोदीतल्या वेल्डरची मुलगी. इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखनला येऊन तिने सगळी हयात एका प्रश्नावर घालवली: अणूएवढे पातळ थर एकावर एक ठेवले तर त्यांतून वीज कशी वाहते? प्रयोग नाही, नुसतं गणित. तिचा दंडक एकच. तेच गणित दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत करायचं, मध्ये त्यावर अवाक्षर नाही. उत्तरं जुळली तरच छापायचं.

"आणि नाही जुळली तर?" पीएचडीला लागले तेव्हा मी विचारलं होतं.

"मग मजा," ओदील म्हणाली. "मग भांडू."

या वेळी नाही जुळली. मी माझं उत्तर घेऊन गेले, तर ती नव्हती. सुट्टीला ब्रेस्टला गेली होती, तिथेच हृदय बंद पडून गेली. तिचं उत्तर फळ्यावर तसंच होतं. माझं त्याच्या निम्मं. भांडण राहिलं.

तुम्ही फळ्यावरचं उचललंत आणि 'ओदीलचा अखेरचा शोध' म्हणून मिरवलंत. मी जाब विचारायला आले तर म्हणालात, "नीरजा, तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं?"

नाही कळत! तिथेच तर माझं डोकं फिरलंय.

घरी नवरा म्हणाला, "बाई गेली बिचारी. आता तिची चूक काढणार तू?"

"चूक तिचीच असं कुठे म्हणतेय, अजित? माझीही असेल."

"मग भांडतेस कशाला?"

"जुळलं नाही म्हणून!"

"आपलं तरी काय जुळतं? संसार चाललाय ना?"

हसले, मग रडले. पुन्हा गणिताला बसले. एकदा चक्क तिचं उत्तर आलं. हरखले. मग दिसलं, ते यावं म्हणून एक पद मीच गाळलं होतं. आता माझा माझ्याच हातावर भरवसा नाही. फळा पाहिलेल्या कुणाच्याच हातावर नाही. तुमच्याही नाही.

फळा न पाहिलेला माणूस हवा. बंद खोलीत, कोऱ्या कागदावर. तो निकाल देईपर्यंत माझं नाव काढा. तिचंही काढा, हा तिचाच नियम आहे.

कुणाला बसवताय? की बसवतच नाही? सरळ सांगा.