दोन स्पीकरांमधली रिकामी गादी

ओबोन, म्हणजे गेलेली माणसं घरी येतात तो सण, सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वस्तीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आत पंख्यांची घरघर आणि उदबत्तीचा धूर. समोर पांढऱ्या कापडावर दोन जुने, शेल्फवर मावतील एवढे स्पीकर ठेवले होते. दोघांच्या मधोमध एक रिकामी गादी. त्या गादीवर माझा मेलेला भाचा येऊन बसणार होता.

असं ओत्सुबो गुरुजींचं म्हणणं होतं. हा गृहस्थ पूर्वी दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. ती खपेनाशी झाली तेव्हा तो आवाज शुद्ध करायला लागला. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. एरवी मी अशा ठिकाणी गेले असते तर भांडूनच परतले असते. पण पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण फुमिएताई बसली होती आणि तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तोमोया तिचा एकुलता एक. गेल्या फेब्रुवारीत छपरावरचा बर्फ काढायला चढला आणि बर्फासकट खाली आला. आमच्या भागात दर हिवाळ्यात कोणी ना कोणी असं जातं, पण ते आपल्या घरातलं असेल असं कोणाला वाटत नाही. ताईने तेव्हापासून स्वयंपाकघर आणि देवघर सोडून घरात कुठे पाऊल टाकलं नव्हतं.

ते स्पीकर तोमोयाचेच. कुमागाईच्या जुन्या सामानाच्या दुकानात मागे भंगाराची फळी आहे. "चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही," अशी पाटी लावलेली. पोरगा तिथे तासन्तास उकिडवा बसायचा. हे स्पीकर त्याने उचलले तेव्हा आतल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या कागदी पडद्यांच्या कडा कुजून गळून पडल्या होत्या. त्याने नव्या कडा चिकटवल्या, आतल्या तारा बदलल्या, आणि जुनी गादी फाडून तिचा कापूस खोक्यांत ठासून भरला. "मावशी, ऐक आता, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाटतंय का? नाही ना?" असं मला विचारलं होतं. जोडणी बरोबर झाली की नाही ते तपासायला त्याने स्वतःच्या आवाजाची एक कॅसेट भरली होती. त्या पोराचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

"मंडळी!" गुरुजींनी हात पसरले. "माणूस विसरतो. दगड विसरतो. पण लाकूड विसरत नाही! या लाकडाला हात कोणाचे लागले? गेलेल्याचे! घाम कोणाचा मुरला? गेलेल्याचा! आज हे लाकूड झोपलंय. ऐका, झोपेत कसं बोलतं ते."

लाकूड कुठलं? भुसा दाबून केलेली फळी आणि तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद.

गुरुजींनी कॅसेट लावली. तोमोयाचा आवाज आला आणि ताईची नखं माझ्या हातात रुतली. पण तो आवाज विचित्र होता. पोकळ, कुठून येतोय ते कळेना. भिंतीतून की डोक्यामागून? शब्द ऐकू येत होते, पण बोलणाऱ्याला बसायला जागाच नव्हती.

"पाहिलंत? भटकतोय!" गुरुजी कळवळून म्हणाले. मग त्यांनी दोन्ही खोक्यांवर पांढरं कापड टाकलं, घंटा वाजवली, कापडाखाली हात घालून काहीतरी पुटपुटत राहिले, डाव्या खोक्याच्या पाठीवर एक मंत्राची पट्टी चिकटवली आणि कापड ओढलं. कॅसेट पुन्हा सुरू झाली.

"आता मी मधोमध आहे. आई, आलो ना मधोमध?"

तो गादीवरून बोलला. खरंच सांगते. डाव्या खोक्यातून नाही, उजव्यातून नाही. जिथे कोणी नव्हतं त्या गादीवरून, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवरून बोलला. सभागृहात हुंदके फुटले. कोणी जमिनीला डोकं टेकलं. मीही रडले, ताईचा हात धरून रडले.

गुरुजींनी खटकन कॅसेट थांबवली.

"ओबोनला आत्मा घरी येतो आणि निरोपाचा जाळ पेटवला की परत जातो. जाताना आवाजही घेऊन जातो. तो जाऊ द्यायचाय का, आई?"

"नाही, नाही!" ताई म्हणाली.

"मग कॅसेट खोक्याच्या पोटात ठेवायची आणि मोहर लावायची. निरोपाच्या संध्याकाळी इथे आणून उघडायची. तेव्हा ती कोरी झालेली असेल! आवाज लाकडात मुरला याची हीच खूण. खोटं वाटतंय? विचारा नागुमोआजोबांना."

म्हातारे नागुमो थरथरत उभे राहिले. त्यांच्या बायकोची कॅसेट वसंतात अशीच त्यांच्या स्पीकरच्या खोक्यात ठेवली होती. "कोरी झाली हो," ते अभिमानाने म्हणाले. "खरोखर अगदी कोरी झाली."

गुरुजींनी कॅसेट डाव्या खोक्यात कोंबली, स्क्रू आवळले आणि स्क्रूंवर कागदी मोहरा चिकटवल्या. ताईने ते खोकं बाळासारखं छातीशी धरून घरी नेलं; दुसरं मी उचललं.

कोरी हा शब्द मला सोडेना. सकाळी मी नागुमोआजोबांकडे गेले. ते खोक्याला कान लावून बसले होते.

"काय म्हणतात आजी?" मी विचारलं.

"आज जरा गप्प आहे." त्यांनी कान काढला नाही. "काल पण गप्पच होती."

"आजोबा, मी आत बघू का? तुमची मोहर तर उघडलेलीच आहे."

"बघा बाई. पण हळू हं. तिला मोठा आवाज सोसायचा नाही."

मी पडद्याभोवतीचे स्क्रू काढले. खोकं आतून मोकळं होतं. पडद्याच्या पाठीला तळहाताएवढं काळं लोहचुंबक होतं आणि त्यालाच चिकटपट्टीचे तुकडे लटकत होते. कॅसेट थेट त्याच्यावर चिकटवलेली होती. कॅसेट चुंबकापाशी ठेवू नका, आवाज पुसला जातो, हे मी वर्षानुवर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडत आले आहे. गुरुजी जिला आवाज मुरल्याची खूण म्हणत होते, ती आवाज पुसल्याची खूण होती. मी आजोबांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा खोक्याला कान लावला.

मी ताईच्या घरापर्यंत पळत गेले. देवघरासमोर आत्म्याला यायला काकडीचा घोडा आणि परत जायला वांग्याची गाय मांडून ठेवली होती. स्पीकर दोन बाजूंना, मधे गादी, गादीसमोर तोमोयाच्या आवडीचा लोणचं घातलेला भाताचा गोळा.

"ताई, खोकं उघड. आत्ताच्या आत्ता."

"वेड लागलंय तुला? मोहर तोडली तर तो जाईल."

"मोहर नाही तोडली तर जाईल! आत चुंबक आहे. नागुमोआजोबांची कॅसेट मुरलेली नाही, पुसलेली आहे. त्यांना काही ऐकू येत नाही, ताई. ते नुसते बसून असतात."

"तू काल रडलीस. मी बघितलं. तुलासुद्धा दिसला ना तो?"

"मला ऐकू आला."

"मग? गादीवर कोण होतं, मिसाओ? तुझ्या पुस्तकात आहे का ते?" तिचा आवाज चिरकला. "माझ्याकडे दुसरं काही नाही. एवढा एक माणूस म्हणाला की तो परत येतो. तू काय म्हणतेस? येत नाही. जा, शाळेत जाऊन सांग."

ती खोक्यासमोर आडवी झाली. तिच्या अंगाला हात लावून तिला बाजूला करणं मला जमलं नसतं. आणि आत कॅसेट चुंबकापासून किती लांब आहे, आहे की संपली, काही ठाऊक नव्हतं. ओढाताणीत खोकं हललं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं. मला इतकं असहाय्य कधी वाटलं नव्हतं.

मग मला तोमोयाचा टेपरेकॉर्डर दिसला. मी तो आणि एक कोरी कॅसेट घेतली, न्हाणीघरात जाऊन तिच्यावर बोलले आणि परत आले. टेपरेकॉर्डर स्पीकरांना जोडून ती लावली आणि मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले.

"ताई, मी मिसाओ," गादीवरून माझा आवाज आला. "मी गादीवर बसले आहे."

ताईने गादीकडे पाहिलं. मग दारात माझ्याकडे पाहिलं.

"मी मेलेय का, ताई?" मी विचारलं. "मग ती कोण बसलीय?"

मी स्पीकरच्या मागे गेले. एका खोक्याच्या दोन तारा काढल्या, लाल होती तिथे काळी आणि काळी होती तिथे लाल लावली. मोहरेला हात लावला नाही. कॅसेट पुन्हा लावली. माझा आवाज गादीवरून उठला आणि घरभर सैरभैर झाला, थेट कालच्या भटक्या आत्म्यासारखा. तारा जागच्या जागी लावल्या तसा परत गादीवर येऊन बसला.

"दोन्ही पडदे एकाच वेळी बाहेर आले की दोन्ही कानांना आवाज सारखाच पोचतो," मी म्हणाले. "मग डोक्याला वाटतं माणूस मधे आहे. तारा उलट्या असल्या की एक पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि डोकं गोंधळतं. काल गुरुजींनी आधी मुद्दाम उलट्या जोडल्या होत्या. कापडाखाली सरळ केल्या. बस, एवढंच केलं त्याने."

ताई स्वतः उठली. लाल तार काढली. काळी काढली. उलटी लावली, ऐकलं. सरळ लावली, ऐकलं. असं तिने पुन्हा पुन्हा केलं. मग तिने तोमोयाच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मोहरा फाडल्या.

आत कापूसच कापूस होता. जुन्या गादीचा, पोराने दाबून दाबून भरलेला. कॅसेट त्या कापसात रुतून बसली होती, चुंबकापासून बाजूला. गुरुजींनी ती घाईघाईत कोंबली आणि ती चुंबकापर्यंत पोचलीच नाही.

आम्ही ती लावली. पूर्ण वाचली नव्हती. रिळाची जी बाजू चुंबकाकडे होती ती पुसट झाली होती, म्हणून आवाज येई आणि जाई, पुन्हा येई. ताई दोन्ही हात तोंडावर दाबून बसली.

"आता मी मध... आई, आलो ना मधोम..." आणि मग ते, जे गुरुजींनी सभागृहात वाजूच दिलं नव्हतं: "नसलो तर... घाबरू नको, एका खोक्याच्या तारा उलट्या लाग... लालला लाल, काळीला काळी. सोपं आहे गं... तुला पण जमेल."

ताई जमिनीवर कोसळून रडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती मला धरून रडली.

निरोपाच्या संध्याकाळी सभागृह पुन्हा भरलं. गुरुजींनी नेहमीचं भाषण ठोकलं आणि मी ते पहिल्या रांगेत बसून टेप केलं. मग ताई दोन्ही खोकी घेऊन पुढे गेली. मोहरा फाटलेल्या पाहून गुरुजी ओरडले, "अहो आई, हे काय केलंत! आत्मा गेला!"

"कुठे जातोय? गादीवर आहे," ताई म्हणाली आणि तिने कॅसेट लावली.

"मंडळी! माणूस विसरतो! दगड विसरतो!" रिकाम्या गादीवरून गुरुजींचाच आवाज गरजला. गुरुजी स्वतः बाजूला आ वासून उभे.

"अरे बापरे, दोन दोन ओत्सुबो!" मागून कुमागाई म्हणाला. "आम्हाला एकच जड होत होता!"

लोक हसले, पण थोडेच. ताईने तारा उलट करून दाखवल्या. बॅटरीचा सेल तारांना टेकवून पडदा आत जातो की बाहेर येतो तेही दाखवलं. तेवढ्यात गुरुजी पाणी पिऊन येतो म्हणाले आणि गडबडीत दुसऱ्याच कोणाचे तरी बूट घालून पसार झाले.

"ज्यांची पाळी अजून आलेली नाही आणि घरी मोहर लावलेलं खोकं आहे," ताई ओरडली, "त्यांनी आत्ता घरी जा आणि उघडा! माझं थोडं वाचलंय. तुमचंही वाचेल!"

आमचं गाव अवजारं बनवणाऱ्यांचं. स्क्रू-ड्रायव्हर नाही असं घर नाही. सभागृह बघता बघता रिकामं झालं. काहींचं वाचलं. काहींचं नाही.

शेवटी नागुमोआजोबा तेवढे राहिले. त्यांनी माझी बाही धरली.

"म्हणजे ती तिथे नव्हतीच?"

"नव्हती, आजोबा."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मी रोज तिला विचारत होतो, गप्प का झालीस, माझं काय चुकलं?"

म्हणून हे लिहिते आहे. तुमचं दुःख खरं आहे, त्याची लाज बाळगू नका. पण ते घेऊन कोणाकडे गेलात तर तो कापडाखाली काय करतो ते विचारा. कापड काढू देत नसेल, खोकं उघडू देत नसेल, तर तिथून उठा. आणि गेलेल्या माणसाचा आवाज कुठे भरलेला असेल तर आजच त्याची नक्कल काढून ठेवा.

ताई अजून कधीकधी ती कॅसेट लावते. तारा स्वतःच जोडते, लालला लाल, काळीला काळी. तोमोया तुटक तुटक बोलतो, पण मधोमध बसून बोलतो. तो तिथे का ऐकू येतो हे तिला आता ठाऊक आहे, आणि तो आवाज तिच्या मुलाचा आहे हेही.