उजवा गाल

दोन हजार तेवीस साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली मला पहिल्यांदा कळलं की माझी बायको पिवळी होती. कातडीनं ती काळीसावळी, ओल्या ढेकळाच्या रंगाची. पिवळेपण यायचं ते तुरीच्या धुळीचं. लातूरच्या डाळमिलीत माघात नवी तूर आली की दिवसभर चक्क्या गरगरत राहायच्या, आणि सांजेला पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन आत उतरलं की त्या पट्ट्यात धूळ अशी तरंगायची, जणू कुणी हळदीवर हलकेच फुंकर घातली आहे. त्या पट्ट्यातून ती बाहेर यायची. भुवयांवर पिवळं, पापण्यांवर पिवळं, कपाळावरच्या हिरव्या गोंदणाभोवती पिवळं. दाराशी थांबून पदराचं टोक चिमटीत धरायची, फक्त पापण्या पुसायची, आणि बाकीचा सगळा प्रकाश अंगावर तसाच घेऊन घराकडं चालू लागायची. मी फाटकाशी पोती उतरवून पाठ सरळ करत उभा असायचो. रोज दिसायचं ते. पाहिलं कधी, असं कुणी विचारलं तर मात्र मला उत्तर देता येणार नाही.

मी हमाल माणूस, शाळा तिसरीपर्यंत. पुढचे शब्द मी वस्तीतल्या विहाराच्या लोखंडी कपाटातून घेतले. जे पुस्तक हाताला लागलं ते बोट ठेवून वाचलं. माझ्या बोलण्याला अर्धा पोत्याचा आणि अर्धा ग्रंथाचा वास येतो असं गयाबाई म्हणायची. गयाबाई म्हणजे तीच. ती होती तोवर मी तिला नावानं हाक मारली नाही, ‘अगं’ एवढ्यावर सगळा संसार झाला. आता नाव घेतो. आता ओ द्यायला कुणी नाही, म्हणून लाजही वाटत नाही.

ती अबोल होती, निदान मी तसं समजत आलो. तिचं असणं आवाजातूनच कळायचं, पण तो आवाज सुपाचा. सुपाचे दोन आखूड झटके आणि मग एक लांब, रेंगाळणारा, जसा वारा ज्वारीच्या ताटांतून जाताना शेवटाला थांबतो. मिलीच्या त्या कल्लोळात, बायकांच्या एवढ्या सुपांमध्ये, तो तिसरा झटका मला ओळखू यायचा. मिलीपासून घरापर्यंत आम्ही मागंपुढं चालायचो, मी पुढं, ती मागं, आणि सबंध वाटेवर ती एक शब्द बोलायची नाही. उन्हाळ्यातल्या झाडासारखं तिचं मौन वाटायचं मला, सावली देणारं आणि काही न मागणारं.

एवढ्या आयुष्याचा तिचा धड फोटो एकच. सरकारी कार्डावर एक आहे, पण त्यात ती श्वास रोखून बसलेली आहे. श्वास रोखलेलं माणूस भिंतीवर कसं लावायचं? पोरानं फोन वर केला की ती पदर पुढं ओढायची. राहिला मिलीतला फोटो. नवं यंत्र आलं होतं, मालकानं नारळ फोडला आणि म्हणाला, फोटोवाला आलाच आहे तर या बायकांचाही एक काढा. फाटकापुढं साऱ्या जणी ओळीनं, कामावरून उठून आल्या तशा, आणि कडेला गयाबाई, तिच्या शेजारी तिची जिवाभावाची शांताबाई.

तो फोटो काचेच्या फ्रेमीत भिंतीवर होता. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची आणि फोटो काचेला चिकटत गेला. ती गेल्यावर मी काच उचकटली. सगळा फोटो सुटून आला, फक्त तिचा उजवा गाल आणि ओठांचा कोपरा काचेवरच राहिला. उन्हात धरून बघायला गेलो तर त्याचा भुगा होऊन बोटांना लागला. कागदावर त्या जागी पांढरा डाग उरला, भाकरी फुगताना एका जागी पापुद्रा सुटावा तसा.

वर्षाचं पुण्यानुमोदन करायचं होतं, विहारात तथागतांच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो ठेवायचा होता. माझा मुलगा विनोद पुण्याला असतो. त्याला तो फाटका फोटो पाठवला, तर तासाभरात त्यानं मोबाईलवर नवाच करून धाडला. गोरी बाई, दोन्ही गाल सारखे, दात पांढरेशुभ्र. लगेच फोन.

“बाबा, दोन मिनिटांत झालं बघा. कसा हाय?”

“चांगला हाय. कोण हाय ही?”

“असं काय करायलाव बाबा? माय हाय आपली!”

“तुझी असंल. माझी बायको न्हाई.”

त्यानं फोन ठेवला. मग पुढच्या खेपेला येताना त्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन आला, आणि त्यात फोटो दुरुस्त करायचा एक प्रोग्राम टाकून दिला. “तुमच्या मनासारखं तुम्हीच करा. ह्याला पैसे लागत न्हाईत. जगातले लोक मिळून हे बनवतेत आन् कुणालाबी देतेत.”

“का देतेत?”

“मला काय म्हाईत? हौस असंल.”

फुकटचं मी जन्मात घेतलं नाही, मिलीतली सांडलेली डाळीची चुरीसुद्धा पदरात बांधू दिली नाही गयाबाईला. दोन दिवस मी त्या यंत्राला हात लावला नाही. मग विहाराच्या भिंतीकडं बघता बघता उमगलं. आमचा विहार असाच उभा राहिला होता. कुणी विटा वाहिल्या, कुणी पाणी मारलं, गवंड्यानं मजुरी घेतली नाही, बायकांनी सारवलं. त्यात बसणाऱ्यानं कुणाचे उपकार मानायचे? कुठल्या तरी लांबच्या देशात, ज्याचं नाव मला उच्चारता येणार नाही असा माणूस आपल्या घरी बसून एक वीट रचून गेला होता, आणि त्या विटेवर टेकून मी माझ्या बायकोचा गाल शोधणार होतो. हे मला मानवलं. त्या अनोळखी लोकांवर माझा लोभ जडला.

इंग्रजी मला येत नाही. मी चित्रं बघून चालायचो. ब्रश, कात्री, शिक्का, जखमेवरची पट्टी. पट्टीचं हत्यार डाग पुसतं असं विनोदनं दाखवलं होतं. कपाळावर बुरशीचा एक ठिपका होता, त्यावर पट्टी फिरवली, तर ठिपक्यासोबत गोंदणही गेलं. लहानपणी देगलूरच्या बाजारात सुईनं टोचून घेतलेलं, आयुष्यभर घामानं आणि पाण्यानं न गेलेलं ते हिरवं, या यंत्राला दोष वाटला आणि त्यानं एका दमात ते बरं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी रंग आपोआप सुधारणारं बटण दाबलं. सगळ्या बायका एकदम राखी, स्वच्छ, परक्या झाल्या, जशा कुणी त्यांना आंघोळ घालून ओळीनं उभं केलं आहे. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी जिला ओळखत होतो ती पिवळी होती. मागं जायचं बटण दाबत गेलो, पिवळं परत आलं, गोंदणही परत आलं, आणि मी त्या पडद्यापुढं लहान पोरासारखा रडलो, हे कुणाला दिसलं नाही तेच बरं.

जीव लागला तसा जाचही वाढला. प्रोग्राम मधेच गोठायचा. दिवाळीत विनोदनं तो नवा करून दिला, तर सगळी हत्यारं जागा सोडून गेली, रंगीत चित्रांची करडी झाली, माझा शिक्का ब्रशाच्या पाठीमागं कुठं दडून बसला तो मला तीन दिवस सापडला नाही. तक्रार कुणापाशी करायची? विहाराचं छत गळायला लागलं तेव्हाही असंच झालं होतं. सगळ्यांनी बांधलं म्हणून सगळ्यांचं, आणि गळायला लागलं की कुणाचंच नाही. रागावायला समोर एक तोंड लागतं. ज्याला तोंडच नाही त्याच्यावर रागवून माणूस जास्त एकटा होतो.

एकदा केलेलं काम पेन ड्राइव्हवर घेऊन फ्रेमवाल्या अप्पाच्या दुकानात गेलो. अप्पा माणूस हसरा, कपाळाला भस्म, हात कायम काचेच्या चुऱ्यानं भरलेला.

“मामा, हे काय आणलाव? माझ्या मशिनीला ही फाईल उघडंना.”

“तुझी मशीन इकत आणल्याली हाय नव्हं?”

“हाव. लई महागाची.”

“मग तिला फुकटातलं माणूस कसं ओळखू यील?”

अप्पा पोट धरून हसला. मी हसलो नाही. फाईल दुसऱ्या जातीत बदलून आणावी लागते हे तो समजावत राहिला आणि मी मान ताठ ठेवून ऐकत राहिलो.

शेवटी मी डाव्या गालाची नक्कल केली, ती उलटी फिरवली आणि पांढऱ्या डागावर बसवली. कडा जुळवल्या, रंग जुळवला. चेहरा पुरा झाला. कुणीही बघून म्हणालं असतं, झालं की. पण ती नव्हती. नाक तिचं, डोळे तिचे, गोंदण तिचं, आणि बाई दुसरी. मी रोज थोडं उजळ, थोडं मंद करत बसायचो. आणि एका दुपारी डोळे मिटून तिला आठवायला गेलो, तर मिटल्या डोळ्यांपुढं मीच केलेली ती बाई येऊन उभी राहिली. दोन्ही गाल सारखे असलेली. जिला परत आणायला बसलो होतो तिला मीच पुसत चाललो होतो, आणि या पुसण्याला मागं जायचं बटण नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या स्वयंपाकाचं ठरवायला शांताबाई आली ती अशा वेळी. काठी टेकवत पडद्यापाशी गेली, डोळे बारीक केले.

“दाजी, माझ्या शेजारी ही कोण उभी केलाव?”

“गया हाय.”

“ही? मग हिचा खडा कुठाय?”

“कसला खडा?”

“अवो, गुळाचा! मिलीत पाऊल टाकलं की उजव्या गालात गुळाचा खडा. धूळ नरड्यात जाऊ नये म्हणून सगळ्याच धरायचो. आमचे तवाच इरघळायचे, हिचा मातर घरी जाईस्तोवर पुरायचा. आम्ही चिडवायचो, गये, गाल हाय का गुळाची भेली? तर बोलायचीबी न्हाई, खडा पडंल म्हणून!” हसता हसता ती थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, “तुम्हाला म्हाईत न्हवतं?”

मला वाटायचं तिचा गालच तसा आहे.

शांताबाई गेल्यावरही मी बसून होतो. ती सगळी वाट, मी पुढं आणि ती मागं, ते मौन, ज्याला मी झाडाची उपमा देत आलो, ज्याच्यावर मनातल्या मनात माझी एवढी श्रद्धा होती, ते एका गोड घासाचं मौन होतं. ती अबोल नव्हती. तिचं तोंड भरलेलं होतं, आणि मी कधी वळून विचारलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी तो गाल फुगवायला घेतला. आकार ढकलणारं एक हत्यार असतं, त्यानं हळूहळू गाल आतून बाहेर रेटत आणला. आणि एका क्षणी, खरं सांगतो, ती आली. सूप खाली ठेवून आत्ताच उठल्यासारखी, खडा सांभाळत, हसू दाबत. मी माऊसवरचा हात काढला. तेवढ्यात पडद्यावर राखी पडदा सरकला, प्रोग्राम गोठला आणि आपोआप मिटला. मी काही साठवलं नव्हतं. पुन्हा उघडून पुन्हा फुगवला, तर दाढ सुजलेली बाई झाली; पुन्हा केलं, तर कुणीच झालं नाही. दुपारी विनोद पुण्याहून आला तोवर मी फोटोवर चढवलेले माझे सगळे थर काढून टाकले होते. डाग तेवढा ठेवला होता, आणि पिवळा रंग.

“बाबा, पांढरं तसंच ठेवून छापायचं? लोक काय म्हणतेल?”

“जे म्हणायचं ते म्हणतेल. मी तिथं खोटं भरणार न्हाई.”

“अवो पण गाल न्हाई मायला!”

“हाय. मला सापडंना झालाय एवढंच.”

विनोद पेन ड्राइव्ह घेऊन उठला. अप्पाकडून फ्रेम त्यानंच आणली.

विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं. मिलीतल्या जुन्या बायका एकेक करून फोटोपुढं फुलं ठेवायला आल्या आणि दर एक जण त्या डागापाशी थांबली. कुणी म्हणाली, इथं हसताना खळी पडायची. दुसरी म्हणाली, खळी कुठली, खडा असायचा. दोघी तिथंच, हात जोडलेले असताना, भांडल्या. मी खांबाला टेकून ऐकत होतो. त्यांच्यापाशी माझ्या बायकोचं एवढं बोलणं, एवढं हसणं साठलेलं होतं, आणि माझ्यापाशी फक्त तिचं मागून चालणं. रात्रीच्या गाडीनं विनोद परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करून प्यालो आणि सवयीनं कॉम्प्युटर चालू केला. करायचं काही उरलं नव्हतं. नुसताच तो पांढरा डाग मोठा करत गेलो, आणखी मोठा, चेहरा कडेनं निघून जाईपर्यंत, पडदाभर फक्त चौकोन उरेपर्यंत. लांबून जो एकसारखा पांढरा दिसायचा, त्यात जवळून एकही चौकोन दुसऱ्यासारखा नव्हता. कुणी निळसर, कुणी राखी, कुणी दुधाच्या सायीचा. गेलेल्या माणसाची जागा रिकामी असते असं आपण म्हणतो ते फार लांबून बघून म्हणतो. खिडकीतून ऊन आलं, पडद्यावर चढलं, आणि एकेक करून चौकोन त्यात विरघळू लागले. खिडकी लावायला मी उठलो नाही. खुर्ची थोडी पुढं ओढली आणि बघत बसलो.